वाढवू का?

त्या कारखान्यात 'बंद' हा शब्द चालत नसे. कारखाना हे नाव मालकीणबाईंनी दिलेलं. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती नुसती शटरची एक लांबट खोली दिसे, तिच्या पोटात आणखी एक खोली आणि माथ्यावर राहायची जागा. पुढे कापायचं टेबल आणि भिंतभर धाग्यांची रिळं, मागे भरतकामाचं मोठं यंत्र आणि त्याला खेटून संगणक. गणवेशांच्या खिशांवर, बाह्यांवर, टोप्यांवर जी चिन्हं असतात ती इथे भरली जात. संध्याकाळी काम उरकलं की दुकान 'वाढवायचं'. रीळ संपलं तरी ते 'वाढलं' म्हणायचं. नव्या कारागिराने पहिल्या दिवशी 'बंद करू का' असं विचारलं, तर मालकीणबाई त्याच्याकडे अशा बघत की दुसऱ्या दिवशी तो एकतर शब्द बदलून येई, नाहीतर येतच नसे.

आता बघायलाही कारागीर उरले नव्हते. मालकीणबाईंचे यजमान, ज्यांना सगळा बाजार मास्तर म्हणायचा, ते जाऊन बराच काळ लोटला होता. मुलगा दूरच्या शहरात नोकरीला होता. त्याने बायकोला आईजवळ ठेवलं होतं ते 'थोडे दिवस' म्हणून, आणि ते थोडे दिवस धुतलेल्या लोकरी स्वेटरसारखे ताणत ताणत गुडघ्यापर्यंत आले होते. दर आठवड्याला त्याचा फोन यायचा आणि बाकीचं सगळं बोलून झालं की शेवटी तो हळूच म्हणायचा, "आता वाढव ना आई. किती दिवस ओढणार?"

मालकीणबाई त्यावर हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. यंत्राचा आवाज फार येतोय म्हणत आणि फोन ठेवून देत. यंत्र त्या वेळी गप्प असलं तरी.

मग एक दिवस संगणकातला भरतकामाचा प्रोग्रॅम उघडेना. तो विकतचा, दर वर्षी नव्याने परवाना घ्यायचा, आणि परवाना होता मुलाच्या नावावर. सुनेने नवऱ्याला फोन लावला तेव्हा तो म्हणाला की यंदा मुद्दामच घेतला नाही, नाहीतरी कारखाना आवरायचाच आहे. सुनेने हे सासूला सांगितलं तेव्हा मालकीणबाई रिळांवरची धूळ पुसत होत्या. त्यांनी ती सगळी भिंत पुसून काढली आणि मगच बोलल्या. पोटच्या पोराने आईच्या हातातली सुई काढून घेतली, एवढंच म्हणाल्या.

नेमकी तेव्हाच बंबवाल्यांची मागणी आलेली होती. अग्निशमन दलाचं चिन्ह मास्तरांनीच पूर्वी काढलं होतं: मध्ये ज्योत, मागे तिरकी शिडी, भोवती पाण्याचा पाइप वेटोळं घालून. छातीवरचं मोठं चिन्ह इथूनच जायचं. आता दलाला तेच टोपीवर हवं होतं, लहान. ते यंत्रावर नुसतं आकसवून चालत नाही, टाके एकमेकांवर चढतात, धागा गुठळतो आणि सुई मोडते. लहान चिन्ह नव्याने मांडावं लागतं, आणि मांडायला प्रोग्रॅम लागतो. बंबवाले साहेब तसे सज्जन, पण जाताना सांगून गेले की पुढच्या आठवड्यात नमुना दिसला नाही तर छातीवरचं कामही मोठ्या कारखान्याकडे जाईल. वरून तसा हुकूम आहे. आणि बंबवाल्यांचं काम गेलं की मागे उरणार होतं ते म्हणजे एखाद्या शाळेचा खिसा आणि वर मुलाचा फोन.

सून लग्नाआधी एका छापखान्यात संगणकावर पानं लावायची. फारसं न बोलणारी, पण बोलली तर टाचणीसारखं बोलणारी. ती म्हणाली की संगणक पुसून त्यावर लिनक्स नावाची दुसरी प्रणाली टाकू आणि तिच्यावर चालणारा भरतकामाचा प्रोग्रॅम घेऊ. त्याला परवाना लागत नाही, कुणाच्या नावावर असावा लागत नाही.

"फुकट?" मालकीणबाईंनी विचारलं.

"फुकट."

"मग करणाऱ्यांची पोटं कशावर चालतात?"

मालकीणबाईंना फुकटाचा भयंकर संशय. पण परवान्यासाठी मुलापुढे पदर पसरायचा नाही हे त्यांनी त्या धुळीच्या फडक्याबरोबरच ठरवून टाकलं होतं. त्यांनी परवानगी दिली, एका अटीवर. त्या संगणकात जे काही घालायचं ते आधी त्यांना विचारून. त्यांना विचारल्याशिवाय या घरात पाहुणासुद्धा जेवायला बसला नव्हता, मग प्रोग्रॅम कसा बसेल.

सुनेने मास्तरांची चिन्हं बाजूला काढून ठेवली, संगणक पुसला आणि लिनक्स टाकलं. निळसर पडदा आला, मराठी अक्षरं आली. मालकीणबाई स्टूल ओढून शेजारी बसल्या, मांडी ठोकलेल्या फौजदारासारख्या. सुनेने समजावलं: या लिनक्सचं आपलं एक भांडार असतं, कुठेतरी दूर. तिथून काय हवं ते मागवायचं, ते येऊन बसतं. सगळं तिथल्या लोकांनी तपासलेलं. पण भरतकामाचा प्रोग्रॅम त्या भांडारात नाही. तो दुसऱ्या कुणीतरी आपल्या वेगळ्या भांडारात ठेवलाय. तर ते बाहेरचं भांडार आपल्या संगणकाला जोडून घ्यावं लागेल.

"बाहेरचं," मालकीणबाई म्हणाल्या. तोंडात खडा आल्यासारखा त्यांनी तो शब्द बाजूला काढला.

त्यांचा एक नेम होता. एका चिन्हातला धागा एकाच लॉटचा. क्रमांक तोच, रंग तोच, तरी दुसऱ्या लॉटचं रीळ लावलं की उन्हात धरल्यावर तो लाल वेगळा आणि हा लाल वेगळा. म्हणून धागा एकाच व्यापाऱ्याकडून, एका वेळी. आता ही पोरगी दोन दुकानांचा माल एका यंत्रात भरू म्हणत होती. मालकीणबाईंनी खोदून खोदून विचारलं. तो भांडारवाला कोण, कुठला, कुणी बघितलाय का त्याला. सुनेला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. ती म्हणाली की त्याची एक किल्ली असते, ती जुळली की माल त्याचाच आहे हे कळतं. माणूस चांगला की वाईट हे मात्र किल्ली सांगत नाही.

"लग्न ठरवताना पत्रिका तरी कुठे सांगते," मालकीणबाई म्हणाल्या आणि हो म्हणाल्या.

प्रोग्रॅम आला. मास्तरांची शिडी पडद्यावर टाक्याटाक्यांनी उमटली तेव्हा मालकीणबाई उठून पुढच्या खोलीत गेल्या आणि उगाच कात्री शोधत राहिल्या. पुढचे काही दिवस सून टोपीचं चिन्ह मांडत बसली. ज्योत झाली, शिडी झाली. मुलाच्या फोनवर मालकीणबाईंच्या आवाजात जरा धार आली.

पण त्याच दिवसांत त्यांच्या कानावर एक गोष्ट पडली. सून जिन्यात उभी राहून फोनवर नवऱ्याशी बोलत होती, पाठमोरी, दबक्या आवाजात. "येईन म्हटलं ना. थोडं थांबा. येते मी." बाकीचं ऐकू आलं नाही. मालकीणबाई तशाच मागे फिरल्या. त्या दिवशी जेवताना त्यांनी सुनेच्या ताटात भाकरी जरा लांबूनच टाकली.

चिन्ह जवळजवळ पुरं झालं त्या संध्याकाळची गोष्ट. यंत्र शाळेचे शेवटचे खिसे भरत खडखडत होतं. मालकीणबाई पुढे शटरचा आकडा काढत होत्या. मागून सुनेची हाक आली. आधीचं काही यंत्राने गिळलं, शेवटचं तेवढं कानावर आलं.

"...वाढवू का, आई?"

हा प्रश्न या घरात रोज संध्याकाळी विचारला जाई. मालकीणबाईंनी रोजचंच उत्तर दिलं.

"वाढव की. विचारतेस काय."

यंत्र थांबलं. सून मागच्या जिन्याने वर गेली. मालकीणबाईंनी मागच्या खोलीत नुसतं डोकावून पाहिलं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती. हे यंत्र निजायच्या आधीसुद्धा नखरे करतं, असं म्हणून त्यांनी रोजच्यासारखी मुख्य खटक्याची दांडी खाली ओढली, शटर टाकलं आणि वर गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी निळसर पडदा आला नाही. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं आली, ओळींमागून ओळी, मुंग्यांच्या रांगेसारखी, आणि एका जागी येऊन थांबली. तिथे एक छोटी रेघ लुकलुकत राहिली. सुनेने पुन्हा चालू करून पाहिलं. पुन्हा त्याच मुंग्या. तिचा चेहरा उतरत गेला तो मालकीणबाईंनी दारात उभं राहून पाहिला. आणि त्या चेहऱ्याआड त्यांना जिन्यातली पाठ दिसली.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्या आवाज चढवत तेव्हा लोक निवांत असत. त्या हळू बोलायला लागल्या की घाबरायचं.

"जायचं होतं तर सांगायचं. संगणक कशाला मारायचास?"

सुनेला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिच्या हातातला माउस टेबलावर उलटा पडला.

"मी मारला?"

"येते म्हणालीस ना त्याला. ऐकलंय मी. त्याचं 'वाढव आई', तुझं 'येते मी'. दोघांचं छान जमलंय. मास्तरांचं चिन्ह गेलं, बंबवाले गेले, म्हातारीला गाठोड्यात बांधा आणि न्या."

सून उठली. तिचे डोळे भरले नव्हते. भरले असते तर मालकीणबाईंना बरं वाटलं असतं.

"मी तुम्हाला विचारलं होतं काल. लिनक्सची नवी आवृत्ती आलीय, आवृत्ती वाढवू का, असं. तुमचीच अट ना, विचारल्याशिवाय काही घालायचं नाही. तुम्ही म्हणालात, वाढव. मी सुरू केलं आणि वर गेले, म्हटलं जेवणं होईपर्यंत होईल. आणि मधेच वीज गेली वाटतं."

"वीज कुठे गेली? वर तर दिवे होते."

बोलून झाल्यावर मालकीणबाईंचे डोळे आपोआप खटक्याकडे गेले. मुख्य खटक्याची दांडी. खालचा मजला तिच्यावर, वरचा वेगळा. सुनेनेही तिकडे पाहिलं.

मग मालकीणबाई म्हणाल्या, "मी दुकान वाढव म्हणाले."

"मला काय माहीत. मला वाटलं, आज खटका तसाच ठेवाल."

"या घरात राहून तुला माहीत नाही?"

"संगणकातही वाढवायचं असतं, आई. तिथे वाढवणं म्हणजे खरंच वाढवणं."

असं कुणी त्यांना कानफटात मारल्यासारखं कधी बोललं नव्हतं, आणि पोरीने आवाजसुद्धा चढवला नव्हता. मालकीणबाई स्टुलावर बसल्या. आयुष्यभर ज्या शब्दाने अपशकुन दाराबाहेर ठेवला, तोच शब्द आतून कडी काढून उभा राहिला होता. चूक झाली म्हणायला त्यांची जीभ वळेना. ती सवयच नव्हती तिला.

"आता काय झालंय त्याला?" त्यांनी विचारलं.

सून परत खुर्चीत बसली. तिने पाहून सांगितलं: भांडारातला नवा माल येऊन लागत होता, अर्धा लागला आणि वीज तुटली. म्हणजे आता अर्धं अंग नव्या आवृत्तीचं, अर्धं जुन्या. शिवाय बाहेरच्या भांडारवाल्याने नव्या आवृत्तीसाठी अजून काही बनवलेलंच नाही. त्यामुळे वाढवणं सुरळीत पार पडलं असतं तरी भरतकामाचा प्रोग्रॅम चालला असताच असं नाही. हे मी आधी बघायला हवं होतं, असं ती म्हणाली. तिने हे एवढ्या सहज म्हटलं की मालकीणबाईंना ते टोचलं.

"म्हणजे लॉट मिसळला."

"हो. लॉटच मिसळला."

"आणि मिसळलेलं चिन्ह?"

"उसवायचं. दुसरं काय."

ती त्या काळ्या पाटीवर बोटांनी ओळी लिहू लागली. चिन्हाची फाइल आत आहे, पण आत म्हणजे कुठे, आणि धड आहे की अर्धी, हे निळसर पडद्याशिवाय दिसत नव्हतं. तिने भरतकामाच्या यंत्रात खोचलेला पेनड्राइव्ह काढून संगणकाला लावला आणि फाइल त्यावर उतरवायला सांगितलं. पाटीने काही म्हटलं नाही. फक्त नवी ओळ देऊन रेघ लुकलुकवली.

"उतरली?"

"काही बोललं नाही म्हणजे उतरली."

"तुझ्यासारखंच आहे ते," मालकीणबाई म्हणाल्या.

सुनेला हसू आलं नाही. आता सगळं पुसून जुनीच आवृत्ती पुन्हा टाकायची होती. पुसताना मास्तरांची चिन्हं ज्या कप्प्यात आहेत तो तेवढा राखायचा, बाकीचं साफ. चुकीच्या कप्प्यावर बोट पडलं तर सगळीच शिडी आणि सगळेच खिसे जातील. पेनड्राइव्हवर गेलेल्याची खात्री नाही. पडद्याने विचारलं, हा कप्पा पुसायचा आहे का, हे परत फिरवता येणार नाही. सुनेचा हात थबकला. सवयीने तिने मान वळवून सासूकडे पाहिलं.

मालकीणबाईंनी त्या ओळी अक्षर जुळवत वाचल्या. कप्प्यांची नावं इंग्रजीत, त्यातलं त्यांना काही कळलं नाही. नेहमीचं 'कर' किंवा 'नको' त्यांच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"माझ्याकडे काय बघतेस? मला त्यातलं कळतं का? तुला कळतं ना?"

"कळतं असं वाटतं."

"मग विचारू नकोस."

सुनेने बटण दाबलं. मालकीणबाई उठल्या, खटक्यापाशी जाऊन त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या, आणि जुनं लिनक्स पुरतं बसेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. मधे एक गिऱ्हाईक बाहेरून हाका मारून गेलं.

दुपार कलली तेव्हा निळसर पडदा परत आला. आधी मुख्य भांडार, मग बाहेरचं, त्याच आवृत्तीचं आहे ना हे सुनेने वाचून घेतलं, मग किल्ली. आवृत्ती आता विचारल्याशिवाय वाढणार नाही अशी तजवीजही तिने करून ठेवली. कप्पा उघडला. मास्तरांची चिन्हं जागेवर होती. टोपीचं चिन्ह कप्प्यात मात्र अर्धंच निघालं, पाइपच्या वेटोळ्यापाशी तुटलेलं, पेनड्राइव्हवरही तसंच. काल ती ते उघडंच ठेवून वर गेली होती, आणि नीट जतन करायच्या आत दांडी खाली आली होती. सुनेने पाइप पुन्हा मांडायला घेतला.

उजेड मावळायच्या आत पहिली टोपी यंत्राला लागली. सुई खाली गेली, वर आली, आणि लाल ज्योत पेटत गेली. मालकीणबाईंनी टोपी काढून दाराशी उजेडात धरली. धागा कुठे गुठळला नव्हता. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली.

"शिडीची एक पायरी गाळलीस."

"लहान चिन्हात मावत नव्हती. टाके चढले असते."

"मास्तरांच्या शिडीला हात लावायच्या आधी विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

मालकीणबाईंनी टोपी टेबलावर ठेवली, चिन्ह वर करून. "नकोच म्हणाले असते," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. मुलाचा. इकडचं तिकडचं झालं, आणि मग त्याने आपला हळू आवाज काढला. बंबवाल्यांचं काही जमणार नाही, हट्ट सोड, आता वाढवतेस ना आई.

मालकीणबाईंनी आज यंत्राचं निमित्त केलं नाही.

"काय करू म्हणतोस?"

"वाढव म्हणतोय."

"वाढव म्हणजे काय? आज मला नीट सांग. माझा फार घोळ झालाय त्या शब्दाने. कारखान्याला कायमचं कुलूप लाव म्हणायचंय तुला?"

मुलगाही याच खोलीत, या रिळांखाली वाढला होता. लहानपणी 'बंद' हा शब्द उच्चारला म्हणून त्याच्या तोंडावर एकदा पट्टी बसली होती.

"मग तो शब्द म्हण," मालकीणबाई म्हणाल्या. "सरळ म्हण."

"आई, असं काय करतेस."

"नाही ना निघत तोंडातून? माझ्याही नाही निघत. बंबवाल्यांची टोपी झाली आहे. मी इथेच राहणार."

तो म्हणाला, "आणि ती?"

हा प्रश्न मालकीणबाईंनी इतक्या दिवसांत स्वतःला विचारला नव्हता. सुनेला तर नव्हताच विचारला. घरात सगळं आपल्याला विचारून होतं याचा त्यांना केवढा ताठा होता, पण कुणाला काही विचारायचं असतं हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. सून यंत्रापाशी दुसरी टोपी चौकटीत ताणत होती. तिने बोलणं ऐकलं होतं. तिचे हात थांबले होते.

मालकीणबाईंनी फोन तिच्यापुढे धरला. "घे. तुझं तू सांग. जायचं असेल तर जा, मी शिव्या देईन पण अडवणार नाही."

सुनेने फोन घेतला. दुसऱ्या हाताने तिने यंत्र सुरू केलं. बोलणं झाकायला की टोपी पुरी करायला, ते कळलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून बोलत राहिली, थांबत थांबत, आणि यंत्राने तिचा एकेक शब्द गिळून टाकला. मालकीणबाई पुढच्या खोलीत येऊन बसल्या. कान टवकारले तरी खडखडाटच येत होता. मग त्यांनी कान टवकारणंही सोडून दिलं.

यंत्र थांबलं. सून दारात आली. फोन तिने टेबलावर टोपीशेजारी ठेवला. डोळे लाल होते, पण ती काही सांगेना, आणि मालकीणबाईंनी विचारलं नाही. बाहेर समोरच्या दुकानांची शटरं खाली येत होती.

"आई," सून म्हणाली आणि थबकली. रोजचा प्रश्न तिच्या ओठांवर आला होता आणि तिथेच अडकला होता.

मालकीणबाईंनी शटरचा आकडा हातात घेतला.

"आधी संगणक बंद कर," त्या म्हणाल्या. तो शब्द त्यांच्या तोंडात परक्या माणसासारखा अवघडून उभा राहिला. "पट्टीबिट्टी काही भरत नाही ना ते बघ. तो झाला की सांग. मग दुकान वाढवते मी."